बहुमत गेलं, तरी सरकार पडत का नाही?

प्रश्न असा आहे: "सत्ताधारी आमदार फुटून परराज्यातल्या हॉटेलात जाऊन बसतात, आकडे टीव्हीवर दिसत असतात, सरकार अल्पमतात आलंय हे शेंबड्या पोरालाही कळतं. तरीही सरकार आठ-आठ दिवस चालतं, मंत्रिमंडळाच्या बैठका होतात, निर्णय निघतात. मग सरकार पाडतं कोण? राज्यपाल, विधानसभेचे अध्यक्ष की सुप्रीम कोर्ट? आणि मुख्यमंत्र्यांनी खुर्ची सोडायचीच नाही असं ठरवलं तर?"

विधिमंडळाच्या कामकाजाशी संबंधित नोकरीत माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. कामकाजपत्रिका तयार करायची, नियम आणि जुने दाखले काढून द्यायचे, मतविभाजन झालं की आकडे टिपायचे. कोणत्या पक्षाचं चूक आणि कोणाचं बरोबर, हे तेव्हा माझ्या अखत्यारीत नव्हतं आणि आजही मला त्यात पडायचं नाही. पण अशा दिवसांत आत काय चाललेलं असतं, ते सांगता येईल.

आधी प्रश्नच थोडा वळवून घेऊ. "कोण पाडतं" यापेक्षा "डोकी कधी मोजायची आणि ती कोणी मोजायची" हा खरा प्रश्न आहे. पेचप्रसंगातली जवळजवळ सगळी मारामारी या दोन गोष्टींवरून होते. आकडा गेलेला असतो, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असतं. एका बाजूला मोजणी उद्याच हवी असते, दुसरीला पंधरा दिवसांनी. पंधरा दिवसांत फुटलेल्यांपैकी चारजण परत येऊ शकतात, दोघे अपात्र ठरू शकतात, एखाद्याचा राजीनामा मंजूर होऊ शकतो. त्यामुळे ज्याच्या हातात तारीख, त्याच्या हातात सरकार.

राज्यघटनेत याबद्दल फार थोडं लिहिलेलं आहे. कलम 164(2) म्हणतं की राज्याचं मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असेल. केंद्रासाठी हेच कलम 75(3) मध्ये, लोकसभेच्या संदर्भात. बस्स. पाठिंब्याची किती पत्रं परत गेली की सरकार जातं, हे कुठेही नाही. जबाबदारी सभागृहाला आहे, म्हणून निकालही सभागृहानेच द्यायचा. तोवर कायद्याच्या दृष्टीने ते पूर्ण अधिकाराचं सरकार असतं. त्याने काढलेला आदेश वैध असतो, त्याने केलेली बदली लागू होते.

हे तत्त्व पक्कं व्हायला मात्र बराच काळ गेला. एस. आर. बोम्मई यांचं प्रकरण सगळे तोंडी लावतात, पण त्यात प्रत्यक्षात काय घडलं होतं ते सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे. एप्रिल 1989 मध्ये कर्नाटकात जनता दलाचं सरकार होतं, बोम्मई मुख्यमंत्री होते. एका आमदाराने राज्यपालांना पत्रं नेऊन दिली: स्वतःचं एक आणि सोबत आणखी आमदारांची. एकूण 19 जणांनी पाठिंबा काढल्याचं त्यावरून दिसत होतं. राज्यपालांनी 19 एप्रिलला राष्ट्रपतींना अहवाल पाठवला. दुसऱ्या दिवशी त्या 19 मधल्या सात जणांनी कळवलं की आमच्या सह्या दिशाभूल करून घेतल्या, आम्ही सरकारसोबतच आहोत. विधानसभेचं अधिवेशन 27 एप्रिलला बोलावलेलंच होतं, ते आणखी अलीकडे घ्यायचीही मुख्यमंत्र्यांची तयारी होती. तरीही 21 एप्रिलला सरकार बरखास्त होऊन राष्ट्रपती राजवट लागली. म्हणजे मोजणी राजभवनात, कागदावर झाली.

11 मार्च 1994 रोजी सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने यावर निकाल दिला: बहुमत आहे की नाही, हे ठरवायची जागा सभागृह. बोम्मईंना खुर्ची काही परत मिळाली नाही, मधे निवडणुका होऊन गेल्या होत्या. पण तेव्हापासून "फ्लोअर टेस्ट", म्हणजे सभागृहातली बहुमत चाचणी, हा शब्द मराठी वर्तमानपत्रांत रुळला आणि राजभवनावर आमदारांची परेड काढून सरकार पाडण्याची किंवा बनवण्याची पद्धत निदान कायद्यापुरती संपली. पत्र, ॲफिडेव्हिट, व्हिडिओ, हॉटेलच्या लॉबीतला ग्रुप फोटो या सगळ्याचा उपयोग एवढाच की त्यावरून मोजणीची मागणी करता येते. मोजणीऐवजी ते चालत नाही.

आता तारखेकडे येऊ. अधिवेशन राज्यपाल बोलावतात, कलम 174 खाली. पण ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. बघा, म्हणजे ज्याची परीक्षा घ्यायची त्यालाच परीक्षेची तारीख विचारायची! एरवी यात काही अडत नाही. अडतं ते अशाच वेळी.

पश्चिम बंगालमध्ये 1967 साली नेमकं यावरूनच सरकार गेलं. अजय मुखर्जींच्या संयुक्त आघाडीतून प्रफुल्लचंद्र घोष काही आमदार घेऊन बाहेर पडले. राज्यपाल धर्मवीर यांना अधिवेशन नोव्हेंबरातच हवं होतं, मंत्रिमंडळ 18 डिसेंबरवर अडून बसलं. राज्यपालांनी 21 नोव्हेंबरला सरकारच बरखास्त केलं आणि घोष यांना शपथ दिली. गंमत पुढे आहे. 29 नोव्हेंबरला सभागृह भरलं, तेव्हा अध्यक्ष विजय बॅनर्जी यांनी हे मंत्रिमंडळच घटनाबाह्य आहे असं सांगून कामकाज तहकूब करून टाकलं. घोष मुख्यमंत्री होते, पण सभागृह त्यांच्यापुढे उघडतच नव्हतं. अखेर फेब्रुवारी 1968 मध्ये राष्ट्रपती राजवट आली. तारखेचा मालक एक, मोजणीचा मालक दुसरा, आणि दोघे दोन बाजूंचे असले की काय होतं, याचा याहून चोख नमुना मला माहीत नाही.

उलटा प्रकार अरुणाचलमध्ये झाला. 14 जानेवारी 2016 ला ठरलेलं अधिवेशन राज्यपालांनी मंत्रिमंडळाला न विचारता 16 डिसेंबर 2015 वर आणलं, शिवाय अध्यक्षांना हटवण्याचा ठराव पहिल्या क्रमांकावर घ्या असंही सांगितलं. सुप्रीम कोर्टाने 13 जुलै 2016 रोजी हे सगळं रद्द केलं आणि नबाम तुकी यांचं सरकार परत आणलं. कोर्टाच्या निकालाने पडलेलं सरकार पुन्हा उभं राहण्याचा तो फार दुर्मीळ प्रसंग. तोही तीन-चार दिवसांचाच ठरला, कारण आकडा तुकींकडे नव्हताच. आमदारांनी पेमा खांडूंना नेता निवडलं आणि तुकींना जावं लागलं.

मग राज्यपालांनी चाचणी केव्हा मागायची? इथे "परिस्थितीवर अवलंबून" म्हणावंच लागतं, आणि ती परिस्थिती कोणती तेही सांगतो. मित्रपक्षाने पक्ष म्हणून पाठिंबा काढला, अधिकृत पत्र आलं, तर विषय सरळ आहे. 14 एप्रिल 1999 ला अण्णाद्रमुकने पाठिंबा काढला, राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी वाजपेयींना विश्वासमत घ्यायला सांगितलं आणि 17 एप्रिलला मतदानही झालं. तीन दिवसांत विषय संपला. सत्ताधारी पक्षातच फूट असेल तर मात्र गुंता होतो. नाराज आमदार म्हणतात आम्ही पक्षातच आहोत, फक्त नेतृत्व मान्य नाही. याला पाठिंबा काढणं म्हणायचं का? जून 2022 मध्ये महाराष्ट्रात हाच मुद्दा होता. राज्यपालांनी 28 जूनला पत्र देऊन 30 तारखेला बहुमत सिद्ध करायला सांगितलं, 29 च्या रात्री सुप्रीम कोर्टाने स्थगिती नाकारली. पुढे 11 मे 2023 च्या निकालात मात्र कोर्ट म्हणालं की पक्षांतर्गत वाद ही चाचणी मागण्याची सबब होऊ शकत नाही, सरकारचा विश्वास गेलाय असं दाखवणारं वस्तुनिष्ठ काही राज्यपालांसमोर नव्हतं. म्हणजे चाचणी मागणंच चुकलं होतं, हे अकरा महिन्यांनी कळलं. त्या निकालाचा दुसरा भाग खाली येतोच, तो जास्त महत्त्वाचा आहे.

या दोन प्रकारांतला फरक पक्षांतरबंदीमुळे आला आहे. 1985 च्या 52 व्या घटनादुरुस्तीने दहावं परिशिष्ट आलं. पक्षाचा व्हिप मोडला किंवा स्वेच्छेने पक्ष सोडला तर सदस्यत्व जातं. सुरुवातीला एक तृतीयांश आमदार फुटले तर त्यांना संरक्षण होतं. 2003 च्या 91 व्या दुरुस्तीने ती सवलत काढली आणि दोन तृतीयांशांनी दुसऱ्या पक्षात विलीन होण्याची तेवढी वाट उरली. फोडाफोडी यामुळे थांबली नाही, तिची पद्धत बदलली. आमदार मत विरुद्ध देण्याऐवजी सरळ राजीनामाच देऊ लागले. किंवा "मूळ पक्ष आम्हीच" असा दावा करू लागले.

हॉटेलचा विषय निघालाच आहे तर तोही सांगून टाकतो. आमदारांना परराज्यात का नेतात? लोकांना वाटतं चैनीसाठी. खरं कारण साधं आहे: आपल्या राज्यात पोलीस ज्या सरकारच्या हाताखाली असतात, तेच सरकार पाडायचं असतं. म्हणून मैत्रीतलं सरकार असलेलं राज्य शोधतात. 1984 मध्ये आंध्रात एन. टी. रामारावांना राज्यपालांनी काढलं, तेव्हा त्यांनी आपले आमदार कर्नाटकात नेऊन ठेवले, कारण तिथे रामकृष्ण हेगडे होते. मोजणी सभागृहात झाली नव्हती, म्हणून ते आमदारांना घेऊन थेट राष्ट्रपती भवनात गेले. महिन्याभराने ते पुन्हा मुख्यमंत्री झाले. 2020 ला मध्य प्रदेशचे आमदार बेंगळुरूत, 2022 ला महाराष्ट्राचे आधी सुरतेत मग गुवाहाटीत. तिथे त्यांना ठेवण्यामागे आणखी एक हेतू असतो, तो म्हणजे कोणी एकट्याला गाठू नये. फुटलेल्या गटाला सगळ्यात जास्त भीती विरोधकांची नसते, आपल्यातल्याच सहाव्या-सातव्या नंबरच्या डळमळीत माणसाची असते.

तारीख ठरली तरी निम्मंच काम होतं. आता मोजणारा. सभागृहात अध्यक्षांपुढे कोणाचं चालत नाही, आणि त्यांच्या हातात काय काय असतं ते मोजून बघा: अपात्रतेच्या याचिका, राजीनामे स्वीकारणं, चर्चेची वेळ, तहकुबी, मतदानाची पद्धत.

राजीनाम्याचंच घ्या. कलम 190 नुसार राजीनामा स्वेच्छेचा आणि खरा आहे याची अध्यक्षांनी खात्री करून घ्यायची असते. म्हणजे फॅक्सवर आलेला राजीनामा ते बाजूला ठेवू शकतात, प्रत्यक्ष या म्हणू शकतात. मध्य प्रदेशात मार्च 2020 मध्ये काँग्रेसच्या 22 आमदारांचे राजीनामे आले. अध्यक्षांनी आधी सहा मंत्र्यांचेच मंजूर केले, बाकी 16 लटकत ठेवले. 16 मार्चला सभागृह भरलं आणि राज्यपालांच्या अभिभाषणानंतर कोरोनाचं कारण देऊन दहा दिवस तहकूब झालं. शेवटी सुप्रीम कोर्टाने 20 मार्चला संध्याकाळी पाचपर्यंत चाचणी घ्या असा आदेश दिला. कमलनाथ यांनी त्याच दुपारी राजीनामा दिला.

कर्नाटकात जुलै 2019 मध्ये तर चर्चाच हत्यार झाली. मुख्यमंत्री कुमारस्वामींनी 18 जुलैला विश्वासदर्शक ठराव मांडला. त्यावर बोलायला सत्ताधारी बाजूचे इतके सदस्य उभे राहिले की मतदानच येईना. राज्यपालांनी दुसऱ्या दिवशी दुपारी दीडची मुदत दिली, ती गेली. मग दिवसअखेरची दिली, तीही गेली. सभागृहाचं कामकाज सुरू असताना राज्यपालांना घड्याळ लावता येतं का, यावरही तिथे भाषणं झाली. मतदान 23 जुलैला संध्याकाळी झालं: बाजूने 99, विरोधात 105. ज्यांना बाहेरून हे नुसतं चऱ्हाट वाटलं त्यांना सांगतो, त्या पाच दिवसांत राजीनामे दिलेल्यांपैकी सहा-सात जण परतले असते, तर आकडा फिरला असता. वेळ काढणं म्हणजे हताशपणा नव्हे, तो हिशेब असतो.

याच आकड्यात आणखी एक धडा आहे. तेव्हा त्या विधानसभेत नियुक्त सदस्य धरून 225 जण होते. बहुमत 113. मग 105 मध्ये सरकार पडलं कसं? कारण कलम 189 प्रमाणे निर्णय "उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांच्या" बहुमताने होतो. वीस-एक जण आलेच नाहीत, त्यामुळे उंबरठा खाली आला. टीव्हीवर "जादुई आकडा 145" अशी पट्टी चालते ती 288 चं सभागृह भरलेलं असेल तरच खरी. म्हणून पेचाच्या वेळी माझी नजर कोण विरोधात जाईल यापेक्षा कोण गैरहजर राहील यावर असायची. पक्षाविरुद्ध मत द्यायला धाडस लागतं. छातीत दुखायला लागत नाही.

एकेका मताची किंमत 1999 च्या वाजपेयींच्या त्याच विश्वासमताने दाखवली: बाजूने 269, विरोधात 270. त्यात गिरिधर गमांग यांचं मत होतं. ते ओडिशाचे मुख्यमंत्री झाले होते, पण लोकसभेचा राजीनामा दिलेला नव्हता. अध्यक्ष बालयोगी यांनी तो निर्णय गमांग यांच्या सदसद्विवेकावर सोडला आणि त्यांनी सरकारविरुद्ध मत दिलं. अध्यक्ष स्वतः मत देतात ते फक्त समसमान मतं पडली तर.

मतदान प्रत्यक्षात कसं होतं, ते बऱ्याच जणांनी पाहिलेलं नसतं. आधी आवाजी. "अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे," आणि अध्यक्ष कानावरून निर्णय सांगतात. कोणी पोल मागितला तर मतविभाजन. घंटा वाजत राहते, लॉबीतले, कॅन्टीनमधले सदस्य धावत येतात. घंटा थांबली की दरवाजे बंद. मग शिरगणती: एकेक सदस्य उभा राहतो, नाव आणि क्रमांक सांगतो, खाली आम्ही टिपत असतो. दरवाजा बंद झाल्यावर पोचलेला सदस्य कितीही मोठा असो, बाहेरच राहतो. 4 जुलै 2022 ला एकनाथ शिंदे सरकारच्या विश्वासदर्शक ठरावाच्या वेळी काँग्रेसचे काही ज्येष्ठ आमदार असेच बाहेर राहिले. ठराव 164 विरुद्ध 99 ने संमत झाला, त्यामुळे त्यांच्या असण्या-नसण्याने फरक पडला नाही, पण आकडा चुरशीचा असता तर त्या दरवाजाने इतिहास घडवला असता. आवाजी मतदानाचाही गमतीदार दाखला महाराष्ट्रात आहे. 12 नोव्हेंबर 2014 ला देवेंद्र फडणवीस यांच्या अल्पमतातल्या सरकारचा ठराव आवाजी मतदानाने संमत झाला. विरोधकांनी मतविभाजनाची मागणी उशिरा केली असं अध्यक्षांचं म्हणणं, आम्हाला संधीच दिली नाही असं विरोधकांचं. वाद कोणाचाही खरा असो, सरकार टिकलं.

याच कारणाने कोर्ट आता नुसती तारीख देत नाही, मोजण्याची पद्धतही सांगतं. नोव्हेंबर 2019 मध्ये महाराष्ट्रात पहाटे राष्ट्रपती राजवट उठली, सकाळी शपथविधी झाला, तेव्हा 26 तारखेच्या आदेशात सुप्रीम कोर्टाने चार गोष्टी बजावल्या: दुसऱ्या दिवशी पाचपर्यंत चाचणी, हंगामी अध्यक्षांच्या देखरेखीखाली, गुप्त मतदान नाही, थेट प्रक्षेपण. अध्यक्ष निवडीची पायरी वगळली, कारण तिथेच दिवस खाता आले असते. आदेशात एकही फट ठेवली नव्हती. त्याच दुपारी फडणवीस यांनी राजीनामा दिला. 2018 मध्ये कर्नाटकातही तसंच: राज्यपालांनी येडियुरप्पांना पंधरा दिवस दिले, कोर्टाने ते दोन दिवसांवर आणले आणि मतदानाआधीच राजीनामा झाला.

तर इथवरचं थोडक्यात सांगायचं तर: राज्यपाल मोजणी मागतात, अध्यक्ष मोजतात, सभागृह पाडतं. कोर्ट यातलं काहीच करत नाही, ते फक्त कोणी खेळ लांबवत असेल तर घड्याळ लावून देतं.

एक गोष्ट बहुतेकांना धक्का देते. लोकसभेत 1963 मध्ये आचार्य कृपलानींनी पहिला अविश्वास प्रस्ताव आणला. त्यानंतर पंचवीसहून अधिक आले, पण अविश्वास प्रस्ताव मंजूर होऊन केंद्रातलं सरकार एकदाही पडलेलं नाही. मतदानात जी तीन पडली, 1990 ला व्ही. पी. सिंग, 1997 ला देवेगौडा, 1999 ला वाजपेयी, ती स्वतः मांडलेल्या विश्वासदर्शक ठरावावर पडली. अविश्वास प्रस्ताव विरोधकांनी आणायचा, आधी 50 जणांचा पाठिंबा दाखवायचा, मग अध्यक्ष तारीख देणार. विश्वासदर्शक ठराव सरकारलाच मांडायला लावला जातो. म्हणून खरा पेच येतो तेव्हा अविश्वास प्रस्तावाची वाट कोणी बघत बसत नाही. अविश्वास प्रस्ताव बहुतेक वेळा दोन दिवस सरकारला झोडपायला मिळावं म्हणून असतो, आणि त्यात गैर काही नाही.

मोरारजी देसाईंचा प्रसंग या दोन्हींच्या मधला. जुलै 1979 मध्ये यशवंतराव चव्हाणांनी अविश्वास प्रस्ताव मांडला, पक्षातून गळती सुरू झाली आणि मतदानाआधीच मोरारजींनी राजीनामा दिला.

आता तो राहिलेला मुद्दा: मतदानाआधी राजीनामा द्यावा का? राजकीय दृष्ट्या तो शोभून दिसतो. हरण्याचा आकडा नोंदला जात नाही, भाषण करून बाहेर पडता येतं. 1996 मध्ये वाजपेयी तेरा दिवसांनी असेच गेले, आणि त्या भाषणाचा त्यांना तोटा झाला असं कोणी म्हणणार नाही. पण प्रकरण कोर्टात असेल, चाचणी मागण्यावरच तुमचा आक्षेप असेल, तर राजीनामा देणं म्हणजे स्वतःच आपला दावा काढून घेणं. 2023 च्या निकालाचा दुसरा भाग हाच आहे. राज्यपालांचं पाऊल चुकीचं होतं, पण उद्धव ठाकरे चाचणीला सामोरे गेले नाहीत, त्यांनी 29 जूनच्या रात्री आपण होऊन राजीनामा दिला, म्हणून जुनी स्थिती परत आणता येणार नाही, असं कोर्टाने म्हटलं. माझ्याकडे कोणी दाखला काढायला आलं असतं तर मी एवढंच सांगितलं असतं की हरणार असाल तरी "निषेध नोंदवून" सभागृहात हरा. हरलेलं मतदान न्यायालय रद्द करू शकतं. दिलेला राजीनामा परत कोण घेणार?

"पाडणं" आणि "बदलणं" हे वेगळं आहे, हेही ध्यानात घ्या. आपल्याकडे सभागृह फक्त "हे नको" एवढंच म्हणतं. कोण हवं ते म्हणत नाही. जर्मनीने यावर युक्ती काढली आहे. तिथे चान्सलरला काढायचं तर त्याच ठरावात नव्याचं नाव लिहावं लागतं. 1 ऑक्टोबर 1982 ला श्मिट गेले आणि त्याच मतदानाने कोल आले. स्पेनमध्येही तसंच आहे, 2018 ला राहोय जाऊन सांचेझ आले ते याच मार्गाने. मधला रिकामा काळच उरत नाही. आपल्याकडे याच्या जवळ जाणारा एकच प्रयोग माझ्या आठवणीत ठसठशीत आहे, उत्तर प्रदेश, फेब्रुवारी 1998. राज्यपालांनी कल्याणसिंगांना काढून रातोरात जगदंबिका पाल यांना शपथ दिली, हायकोर्टाने कल्याणसिंगांना परत बसवलं, आणि सुप्रीम कोर्टाने दोघांनाही एकाच वेळी सभागृहात उभं केलं. ज्याला जास्त मतं तो मुख्यमंत्री. कल्याणसिंग 225, पाल 196. सचिवालयात काही तास दोन मुख्यमंत्री असल्याचा घोळ त्या राज्याने पाहिला होता, त्यावर हा उतारा रामबाण ठरला. अशी चाचणी आपल्याकडे नियमात का आली नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

ही सोय नसल्याने, पडलेलं सरकार आणि नवं सरकार यांच्या मधे जो काळ येतो तो राज्यपाल किंवा राष्ट्रपतींच्या विवेकबुद्धीवर चालतो. पुढे कोणाला बोलवायचं? किती दिवस द्यायचे? सभागृह विसर्जित करायचं का? 1979 ला चरणसिंगांना 28 जुलैला शपथ मिळाली, 20 ऑगस्टला बहुमत सिद्ध करायचं होतं, आदल्याच दिवशी इंदिरा काँग्रेसने पाठिंबा काढला. लोकसभेचं तोंडही न बघता त्यांनी राजीनामा दिला आणि विसर्जनाची शिफारस केली. राष्ट्रपती संजीव रेड्डींनी ती मानली. मग जानेवारी 1980 पर्यंत ते काळजीवाहू पंतप्रधान होते.

"काळजीवाहू" हा शब्द घटनेत नाही, पण पथ्यं सगळ्यांना माहीत असतात: रोजचा कारभार चालवायचा, धोरणात्मक निर्णय घ्यायचे नाहीत. खरी लगबग त्याच्या आधीच्या दिवसांत होते, म्हणजे तुम्ही विचारलेल्या त्या आठ दिवसांत. सरकार जाणार हे कळलं की शासन निर्णयांचा पूर येतो. अडलेल्या फायली एका सहीने सुटतात, मतदारसंघातल्या कामांना मंजुऱ्या मिळतात, बदल्या निघतात. 29 जून 2022 ला महाविकास आघाडीच्या शेवटच्या मंत्रिमंडळ बैठकीत औरंगाबाद आणि उस्मानाबादच्या नामांतराचा निर्णय झाला. राज्यपालांनी बहुमत सिद्ध करायला सांगितल्यावर असा निर्णय घेता येत नाही, असं नव्या सरकारचं म्हणणं, म्हणून जुलैमध्ये त्यांनी तोच निर्णय पुन्हा घेतला. आधी म्हटलं तसं, मतदान होईपर्यंत सरकार पूर्ण अधिकाराचं असतं, त्यामुळे पहिला निर्णय मुळात अवैध होता असं मला वाटत नाही. पण पुढे कोणी कोर्टात जाऊ नये म्हणून दुसऱ्यांदा शिक्का मारून घेणं, ही कोणत्याही अधिकाऱ्याने दिली असती अशी सूचना होती.

शेवटचा उपप्रश्न: मुख्यमंत्री बसूनच राहिले तर? दोन वेगळ्या शक्यता आहेत. सभागृहात हरूनही राजीनामा दिला नाही, तर राज्यपाल सरळ काढू शकतात. मंत्री राज्यपालांची मर्जी असेपर्यंत पदावर असतात असं कलम 164(1) सांगतं, आणि हरल्यावर ती मर्जी काढून घेण्यात विवादाला जागाच उरत नाही. म्हणून असं कोणी करत नाही. दुसरी शक्यता खरी त्रासाची: चाचणीलाच उभं राहायचं नाही. अधिवेशन बोलवायचं नाही, बोलावलं तर ठराव पत्रिकेवर घ्यायचा नाही, घेतला तर मतदान येऊ द्यायचं नाही. याची मर्यादा आता कोर्टाने दोन दिवस ते आठवडा इतकी आणून ठेवली आहे, पण कोर्टात जाणारा कोणीतरी लागतो आणि त्याच्या हातात काहीतरी ठोस लागतं. पुढच्या वेळी असा पेच आला की आकड्यांची पट्टी बाजूला ठेवून चार बातम्या शोधा: अधिवेशन कोणी, कोणत्या तारखेला बोलावलं, खुर्चीवर अध्यक्ष, उपाध्यक्ष की हंगामी अध्यक्ष, त्यांच्याविरुद्ध हटवण्याची नोटीस प्रलंबित आहे का, आणि किती राजीनामे मंजूर झालेत. सरकारकडे नक्की किती दिवस आहेत, ते त्यावरून बऱ्यापैकी काढता येतं.